डावीकडे समुद्र

वाचकहो, आधी एक हिशेब मांडा. या देशात येऊन तुम्हाला किती वर्षं झाली, आणि त्यातल्या किती सुट्ट्या तुम्ही या देशात घालवल्या?

माझ्या पिढीचं उत्तर मला ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात आलेली आम्ही माणसं वर्षभर रजा साठवायचो ती एकाच कामासाठी, मुंबईच्या विमानासाठी. तिथे लग्नं, मुंजी, आजारपणं, आणि पुढे पुढे वडिलांच्या फ्लॅटची कागदपत्रं. इथे काय पाहिलं, तर मोटरवे. लेक डिस्ट्रिक्ट एकदा, ब्लॅकपूलची रोषणाई एकदा, आणि भारतातून पाहुणे आले की दरवेळी बकिंगहॅम पॅलेस. मी भूशास्त्र शिकवत होते, म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला पुष्कळदा गेले. पण मिनीबस, पाऊस, ओले मोजे आणि संध्याकाळी वीस मुलांची शिरगणती, याला कुणी सुट्टी म्हणत नाही.

गेल्या मे महिन्यात त्याच टोकाला आम्ही पाच मित्रमंडळी कॅम्परव्हॅननं जाऊन आलो. पाचांचं वय मिळून तीनशे साठच्या पुढे जातं. संपादकांनी प्रवासवर्णन मागितलं होतं. मी तुम्हाला थोडी माहिती, थोडा इतिहास आणि थोडी भीड घालणार आहे. भीड ही, की जायचं असेल तर लवकर जा. कारण पुढे येईल.

रस्ता म्हणजे प्रसिद्ध नॉर्थ कोस्ट 500. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून पश्चिम किनारा, मग उत्तर किनारा, मग पूर्व किनारा करत पुन्हा इन्व्हर्नेस. एकूण 516 मैल. रस्ते जुनेच होते. 2015 साली त्यांना एका माळेत ओवून हे नाव दिलं आणि जगभरचे लोक गाड्या घेऊन लोटले. तुम्ही जाल तेव्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जा. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे समुद्र सतत डाव्या हाताला राहतो आणि चालकाशेजारी बसलेल्या माणसाला अख्खा किनारा मिळतो.

आमच्या गाडीत ती जागा भाऊंची होती. भाऊंचं नाव छापायचं नाही असं ठरलं आहे. चाळीस वर्षांचा स्नेह आहे, बँकेत होते, वहिनींना जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा टोरांटोला, मुलगी सिंगापूरला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डिजनरेशन झालं आहे. यात नजरेच्या मधला भाग जातो आणि कडा शिल्लक राहतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण दाराशी कुणी आलं तर दिसतं. वसंतात त्यांनी गाडीचा परवाना स्वान्सीला परत पाठवून दिला. ही योजना मुळात वहिनींची. निवृत्तीनंतर व्हॅन घ्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं, असं ती दोघं कितीतरी वर्षं म्हणत होती. भाऊ मला म्हणाले, “प्रोफेसरबाई, अजून कडेनं दिसतंय तोवर न्या.” या वाक्यानंतर मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

उरलेले चौघे: माझे यजमान, जन्मानं मालवणचे, एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, ज्यांच्याकडे स्वतःची जुनी फोक्सवॅगन आहे, आणि मी. मोठी व्हॅन आम्ही इन्व्हर्नेसला भाड्यानं घेतली. ती मीच चालवली. यजमानांचा गाडी चालवण्यापेक्षा चालवणाऱ्याला सूचना करण्याकडे ओढा आहे.

कॅम्परव्हॅन हे प्रकरण ज्यांना नवं आहे त्यांना सांगते, की आपल्या पूर्वजांना यात नवल वाटलं नसतं. जत्रेला निघालेली छपराची बैलगाडी आठवा. खाली गवत, वर अंथरूण, मागे पाण्याची घागर, शिदोरीची फडकी, आणि रात्री जिथे पाणी असेल तिथे मुक्काम. वारीतल्या दिंड्यांमागून आजही सामानाचे ट्रक आणि पाण्याचे टँकर जातात, तेही हेच. विलायतेत हौसेखातर अशी गाडी पहिल्यांदा बांधून घेतली ती गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या निवृत्त स्कॉटिश डॉक्टरानं, 1885 साली. त्याआधी चाकांवरच्या घरात जिप्सी आणि सर्कसवाले राहत. सभ्य माणसं हॉटेलात उतरत. स्टेबल्सनं ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची गाडी करून घेतली आणि बर्कशरमधल्या ट्वायफर्डहून निघून थेट इन्व्हर्नेस गाठलं. सोबत एक गाडीवान, एक कुत्रा, एक पोपट, आणि पुढचा रस्ता पाहायला तीनचाकी सायकलवर एक नोकर. आमच्याकडे पोपट नव्हता, यजमान होते.

आता परवान्याचं, कारण आपल्या वाचकांपैकी निम्म्यांना हे लागू आहे आणि फार थोड्यांना नीट ठाऊक आहे. वयाची सत्तरी झाली की गाडीचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. फी नाही, परीक्षा नाही. प्रकृती ठीक आहे आणि दृष्टी नियमात बसते हे आपण लिहून द्यायचं. वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, हा साधा निकष आहे. जमिनीवर वीस मीटर मोजून एकदा स्वतःची परीक्षा घ्या. 1 जानेवारी 1997 पूर्वी जे इथली परीक्षा पास झाले त्यांच्या परवान्यावर सी-वन हा गट आपोआप असतो, म्हणजे साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. सत्तरीला हा गट गळून पडतो. ठेवायचा तर डी-फोर नावाच्या फॉर्मवर डॉक्टरी तपासणी करून घ्यावी लागते. ती न करता तुम्ही साडेतीन टनांच्या आतलीच व्हॅन चालवू शकता. शिवाय भाड्यानं गाडी देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या विम्याला वरची वयोमर्यादा असते, कुठे सत्तर, कुठे पंचाहत्तर. मी पुढच्या वर्षी पंचाहत्तर पूर्ण करीन. म्हणून म्हटलं, लवकर जा.

साडेतीन टन ऐकायला पुष्कळ वाटतं. गाडी रिकामी असतानाच त्यातला बहुतेक भाग संपलेला असतो. उरलेल्या काही शे किलोंमध्ये माणसं, पाणी, गॅस, अंथरुणं आणि मराठी माणसाचं खाणं बसवायचं. टाकीत शंभर लिटर पाणी भरलं तर तेच शंभर किलो. डॉक्टरांच्या पत्नी पाच किलो भाजणी घेऊन आल्या होत्या. मी वजन मोजायला लागल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या दगडांच्या पिशवीला जागा आहे आणि माझ्या थालीपिठांना नाही?” विषय संपला.

विजेचंही असंच आहे. मुक्कामाच्या जागेवर खांबाला वायर जोडून घरासारखी वीज मिळते, पण दहा किंवा सोळा अँपिअरच. घरची तीन किलोवॉटची किटली तेरा अँपिअर ओढते. तेव्हा दहाच्या खांबाला ती लावलीत की तुमचे दिवे जातात. पाणी गॅसवरच उकळा. गॅस ब्यूटेन नव्हे, प्रोपेन घ्या; थंडीत ब्यूटेनची वाफच होत नाही. व्हॅनमध्ये मोहरी तडतडली की धुराचा गजर वाजतो, यावर उपाय नाही. आम्ही फोडणी बाहेर द्यायचो. लॉकइन्व्हरजवळच्या मुक्कामावर हिंग-कढीपत्त्याच्या वासानं शेजारच्या व्हॅनमधलं एक जर्मन जोडपं ताटं घेऊनच आलं.

आणि संडास. याबद्दल प्रवासवर्णनात कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. व्हॅनमधल्या संडासाखाली प्लॅस्टिकची एक पेटी असते, साधारण अठरा लिटरची. ती दर दोन दिवसांनी काढून, चाकांवर ओढत नेऊन, ठरलेल्या जागीच रिकामी करायची. रस्त्याकडेच्या नाल्यात नाही, सार्वजनिक संडासात नाही, वाळूत तर नाहीच. हे काम पहिल्या दिवशी यजमानांनी आणि डॉक्टरांनी एकमेकांकडे ढकललं. भाऊ काही न बोलता उठले, पेटी काढली आणि हँडल हातात घेऊन म्हणाले, “दिशा सांगा.” त्यानंतर पाळी लागली.

हा मुद्दा वासापुरता नाही. या किनाऱ्यावरची गावं शंभर-दोनशे वस्तीची. रस्ता प्रसिद्ध झाला तशी तिथल्या हॉटेलांत, दुकानांत कमाई आली, पण रस्ते खचले, वाळूत माणसांची घाण दिसू लागली आणि घरासमोर रात्रभर व्हॅन उभ्या राहू लागल्या. स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो, असं आपल्या मंडळातले काही लोक छातीठोकपणे सांगतात. अर्धं खरं आहे. 2003 च्या कायद्यानं मोकळ्या जमिनीवर पायी, सायकलनं, घोड्यावरून जायचा आणि छोटा तंबू ठोकायचा हक्क दिला. मोटारीला तो हक्क लागू नाही. व्हॅनवाल्यानं अधिकृत मुक्काम गाठावा किंवा परवानगी विचारावी.

आता रस्त्याकडे वळू. पश्चिमेला आणि उत्तरेला मैलोन्‌मैल एकपदरी रस्ता आहे. समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकानं थांबायचं. त्यासाठी ठरावीक अंतरावर रस्ता थोडा फुगवलेला असतो, खांबावर पांढरी पाटी असते: पासिंग प्लेस. ती आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला वळसा घालून जाऊ द्यायचं. चढणीवरून येणाऱ्याला शक्य तिथे आधी वाट द्यायची. मागे गाड्या साठल्या तर थांबून त्यांना पुढे सोडायचं, कारण त्यात शाळेला निघालेली मुलं असतील, नाहीतर परिचारिका असेल. फोटोसाठी तिथे गाडी लावायची नाही. जाणारा प्रत्येकजण स्टिअरिंगवरची बोटं उचलून आभार मानतो. चार दिवसांत मीही एका बोटावर आले, म्हणजे अगदी स्थानिकांसारखी.

पांढऱ्या पाट्या मोजायचं काम भाऊंनी आपण होऊन घेतलं. समोरचं वळण त्यांना दिसत नसे, पण डाव्या कडेला काही पांढरं चमकलं की ते म्हणत, “आली.” मेंढी कुंपणाशी हलली तर ती आमच्याआधी त्यांना कळायची. डॉक्टर म्हणाले यात चमत्कार नाही, डोळ्याच्या पडद्याची कड हालचाल टिपायलाच केलेली असते. असेल. मी दहा दिवस त्या माणसाच्या सांगण्यावर ब्रेक दाबत होते आणि सगळे सुखरूप आहोत.

एका जागी मात्र आम्ही वाट सोडली. अ‍ॅपलक्रॉसला जाणारा ‘बेलाख ना बा’ हा घाट 626 मीटरवर चढतो, चढ पाचाला एक, आणि वर केसाच्या पिनेसारखी वळणं. गेलिक नावाचा अर्थ गुरांची खिंड. आपल्याकडच्या घाटांची नावंही अशीच नाही का पडली, ज्यांनी ती वाट पाडली त्यांच्यावरून? पायथ्याशीच पाटी आहे, की शिकाऊ चालक, फार मोठ्या गाड्या आणि कॅराव्हॅन यांनी पुढे जाऊ नये. डॉक्टर आपली फोक्सवॅगन घेऊन वर गेले आणि धुक्याचा फोटो काढून परत आले. आम्ही मुख्य रस्त्यानं शील्डेगला जाऊन चहा प्यायलो.

उलापूलच्या पुढे माझं राज्य सुरू होतं, तेव्हा थोडं सोसून घ्या. वाटेत दिसणारे करडे, पट्ट्यापट्ट्यांचे, ठेंगणे उंचवटे म्हणजे लुईशियन नाइस. यातला जुन्यातला जुना खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा. कर्नाटकातला नाइस याच पिढीतला. त्यावर वेगळेच उभे असलेले तांबडे डोंगर, स्टॅक पॉली, सुइल्वन, हे वाळूच्या खडकाचे, वय साधारण 100 कोटी. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट यापुढे अगदी काल जन्मलेला, साडेसहा कोटींचा. नॉकन क्रॅगला रस्त्यालगत एक कडा आहे. तिथे जुना खडक वर आणि नवा खाली, म्हणजे चवडीतली तळाची वही वर आलेली. यावरून एकोणिसाव्या शतकातले भूशास्त्रज्ञ अनेक दशकं भांडले. शेवटी बेन पीच आणि जॉन हॉर्न या दोघांनी डोंगर न् डोंगर पायी तुडवून नकाशे काढले आणि 1907 साली मोठा ग्रंथ निघाला: जमिनीचा एक अख्खा थर मैलोन्‌मैल सरकत येऊन दुसऱ्यावर चढला होता. कड्याजवळ त्या दोघांचे पुतळे आहेत. गाडीत मी हेही सांगितलं, की स्कॉटलंडचा हा भाग मूळचा उत्तर अमेरिकेच्या बाजूचा. मध्ये एक महासागर होता, तो मिटला आणि 40 कोटी वर्षांपूर्वीच हा तुकडा इंग्लंडला येऊन चिकटला. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे यांच्याकडेही सुरुवातीला व्हिसाच होता.”

भाऊंनी गाडीतून उतरून नाइसवर हात ठेवला. पट्टे बोटांना लागतात; मऊ अभ्रकाचा भाग झिजतो, गारगोटीचा वर राहतो. माझे कित्येक विद्यार्थी त्या खडकाकडे नुसतं बघून पुढे गेले आहेत.

उलापूल हे गाव 1788 मध्ये हेरिंग मासे पकडण्यासाठी मुद्दाम वसवलेलं. तिथल्या धक्क्यावरून स्टोर्नोवेची बोट सुटते. स्टोर्नोवे म्हणजे कॉलिन मॅकेन्झीचं जन्मगाव. त्यानं म्हैसूर आणि दख्खन मोजून काढलं, 1815 मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला आणि तिकडच्या गावोगावच्या कैफियती, शिलालेख, हस्तलिखितं यांचा प्रचंड संग्रह करून मेला. यजमानांचं लक्ष मात्र धक्क्यावरच्या मॅकरेलकडे. तो आपला बांगडा नव्हे, पण सख्खा नसला तरी चुलत भाऊ आहे. तिरफळं त्यांनी घरून आणली होती. त्या संध्याकाळी मालवणच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, तृप्ती म्हणीन.

उत्तर किनाऱ्यावर मे अखेर रात्री दहालाही लख्ख असतं. डर्नेसची पांढरी वाळू आणि स्मू गुहा तुम्ही बघालच, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. जॉन ओ’ग्रोट्सलाही सगळे जातात आणि पाटीशेजारी फोटो काढतात. मुख्य भूमीचं उत्तर टोक ते नव्हे, पश्चिमेकडचं डनेट हेड. तिथे जा.

पण बेटीहिलला थांबा. अर्धा दिवस द्या.

तिथे जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हर संग्रहालय आहे. स्ट्रॅथनेव्हर म्हणजे गावामागची नदीकाठची दरी. दोनशे वर्षांपूर्वी ती माणसांनी भरलेली होती: गुरं, ओट, बटाटे, गेलिक भाषा. जमीन सदरलंडच्या काउंटेसची. मेंढ्यांच्या मोठ्या मक्त्यातून खंडापेक्षा कितीतरी अधिक पैसा मिळतो, हे जमीनदारांच्या ध्यानात आलं आणि माणसं काढणं सुरू झालं. कारभारी होता पॅट्रिक सेलर. जी जमीन रिकामी करायची तिचा मक्ता त्यानं स्वतःच घेतला होता. 1814 साली लोकांना बाहेर काढून घरांची लाकडं जाळली गेली. लाकूड दुर्मीळ, ते शिल्लक राहिलं तर माणसं परत घर उभारतील म्हणून. जळत्या घरातून बाहेर काढलेली एक अतिवृद्ध बाई काही दिवसांत वारली. 1816 मध्ये सेलरवर इन्व्हर्नेसला खटला झाला आणि ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. 1819 मध्ये पुन्हा घरं जळली. लोकांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे दिले आणि सांगितलं, आता मासे पकडा. ज्यांनी कधी नाव वल्हवली नव्हती त्यांना! बेटीहिल हे गाव त्या स्थलांतरातलं, आणि नावही काउंटेसच्या एलिझाबेथ या नावावरून. घरं सोडण्याच्या नोटिसा ज्यावरून वाचल्या गेल्या असं सांगतात, ते चर्चचं व्यासपीठ अजून तिथे उभं आहे.

डॉक्टरांच्या पत्नी ते पाहून बाहेर येऊन बसल्या. त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी. इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सातारच्या मुलीला ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली, आजीनं तिथे तुळस लावली नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

पूर्व किनाऱ्यावर हेल्म्सडेलला समुद्रावर तोंड केलेला एक ब्राँझचा पुतळा आहे, 2007 साली उभारलेला. देश सोडून निघालेलं कुटुंब. पुरुष समुद्राकडे बघतो, मुलगा बापाकडे, आणि तान्हं मूल घेतलेली बाई मागे वळून दरीकडे. या दरीतले बरेच लोक 1813 मध्ये कॅनडात, आजच्या विनिपेगच्या परिसरात गेले. याच पुतळ्याची प्रत तिथेही आहे. आमचं तसं नाही, हे मी स्पष्ट म्हणते. आम्हाला कुणी जाळून काढलं नाही. आम्ही अर्ज करून, मुलाखत देऊन, हौसेनं आलो. तरी पाचही जण तिथे बराच वेळ उभे होतो. भाऊंनी विचारलं, “बाईचं तोंड कुठे आहे?” मी सांगितलं. पुढच्या मैलभरात त्यांनी पाट्या मोजल्या नाहीत.

गोल्स्पीजवळ बेन ब्रॅगी डोंगरावर सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा म्हणजे काउंटेसच्या नवऱ्याचा शंभर फुटी पुतळा आहे, मैलोन्‌मैल दिसणारा. पाडावा की ठेवावा यावर तिथे वाद चालू असतो. मला विचाराल तर राहू द्यावा, आणि मुलांना खालून दाखवून सगळं सांगावं.

आता शेवटचा टप्पा, ज्यासाठी मराठी माणसानं हा रस्ता जरूर करावा. इन्व्हर्नेसच्या अलीकडे, अ‍ॅलनेस गावावर फिरिश नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर कमानींचं एक विचित्र बांधकाम दिसतं. ते आहे नागपट्टणमच्या वेशीचं! हेक्टर मन्रो हा इथला जमीनदार. 1764 ची बक्सारची लढाई जिंकणारा तोच. 1781 मध्ये त्यानं डचांकडून नागपट्टणम घेतलं आणि परत येऊन त्या वेशीची आठवण डोंगरावर बांधवली, गावातल्या भुकेल्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून, असं सांगतात.

त्याच रॉस परगण्यात 1792 मध्ये लोकांनी जमीनदारांच्या मेंढ्या गोळा करून हाकलून द्यायचा प्रयत्न केला. सैन्य बोलावून तो मोडला गेला. पुढच्याच वर्षी या भागातून 78 वी हायलँडर पलटण उभी राहिली. ती पलटण कुठे लढली ठाऊक आहे? जालना जिल्ह्यातल्या असईला. 23 सप्टेंबर 1803, समोर दौलतराव शिंद्यांच्या तोफा. आपण शाळेत असईची लढाई शिकलो ती वेल्स्लीची म्हणून. शिंद्यांच्या तोफखान्यासमोर चालत गेले ते या दऱ्यांमधले गेलिक बोलणारे तरुण होते. पलटणीच्या निशाणावर पुढे हत्ती आला आणि असई हे नावही. मी भर रस्त्यात हे गाडीत सांगत होते तेव्हा यजमान पहिल्यांदाच म्हणाले, “जरा हळू चालव.”

आता कामाचं. मे महिना उत्तम. जूनपासून मिज नावाच्या बारीक चिलटांचा त्रास वाढतो. वारा पडला की ढगासारखी येतात, चावते ती मादी. डोक्यावरून घ्यायची जाळी दोन-तीन पौंडांत मिळते, लाजू नका. मुक्काम हिवाळ्यातच राखून ठेवा. दिवसाला साठ-सत्तर मैलांपेक्षा जास्त बेत करू नका. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरा. फोनला रेंज नसते, कागदी नकाशा घ्या. गावातल्या दुकानात काहीतरी विकत घ्या. सगळं घरून नेऊन फक्त त्यांच्या रस्त्यावर चालू नका.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांनो, आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर खालचा पलंग त्यांना द्या, शिडीवरचा स्वतः घ्या. संडासाची पेटी तुम्ही उचला. आणि बाबांचे डोळे कसे आहेत ते निघण्याआधी विचारा. ते आपण होऊन सांगणार नाहीत.

भाऊंना पुढच्या मे महिन्यात पेम्ब्रोकशर बघायचं आहे. डॉक्टरांनी डी-फोरचा फॉर्म मागवला आहे. पेम्ब्रोकशरचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे केला तर समुद्र उजवीकडे येतो, म्हणून टेन्बीहून सुरू करून वर कार्डिगनकडे जायचं असं ठरलं आहे. मंडळातलं आणखी कुणी येणार असेल तर कळवा. एका व्हॅनमध्ये दोन जागा आहेत, भाजणीसकट.